यादीत नाव नाही? एजंटकडे पैसे देण्याआधी कारण शोधा

तालुका प्रतिनिधी : दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये गावागावांत हेच चित्र दिसतं. इंजिनिअरिंगची कॅप फेरीची यादी लागते, मोबाईलवर शंभर वेळा बघितली तरी पोराचं नाव नसतं. घरात चूल पेटत नाही आणि दुसऱ्याच दिवशी कुणाचा तरी फोन येतो, "सीट बसवून देतो, आज पैसे टाका."

माझ्या पुतण्याच्या वेळी असंच झालं. भाऊ चाळीतला कांदा मिळेल त्या भावात काढून एजंटला पैसे द्यायला निघाला होता. एक रात्र थांब म्हणालो. सकाळी लॉगिन उघडून बघितलं तर पोराने फक्त आठ पर्याय भरलेले, तेही सगळे पुण्याचे नामांकित कॉलेज. पुढच्या फेरीत जवळची कॉलेजं टाकली आणि नंबर लागला. कांदा चाळीतच राहिला.

म्हणून सांगतो, नाव न येण्याची बहुतेक वेळा तीनच कारणं असतात. आधी आपलं कारण कोणतं ते बघा.

१) पर्याय चुकले

प्रत्येक फेरीला पर्याय नव्याने भरता येतात. जास्त पर्याय भरल्याने नुकसान होत नाही. सीईटी सेलच्या वेबसाईटवर मागच्या वर्षीचे कटऑफ असतात. आपल्या प्रवर्गाचा आकडा बघून थोडी वरची, बरोबरीची आणि खालची अशी तिन्ही प्रकारची कॉलेजं टाका. क्रम मात्र जपून लावा. २०२५-२६ च्या नियमात पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला तर तोच घ्यावा लागतो, पुढच्या फेरीत जाता येत नाही. यंदाचा नियम माहितीपत्रकात वाचूनच फॉर्म लॉक करा.

२) कागद अडला

गुण पुरेसे असून नाव नसेल तर गुणवत्ता यादीत आपला प्रवर्ग काय लागलाय ते तपासा. नॉन क्रिमिलेअरची मुदत संपलेली असली किंवा जात पडताळणी नसली, तर पोरगं थेट खुल्या प्रवर्गात जातं. तात्पुरती यादी लागल्यावर हरकत घ्यायला मोजकेच दिवस मिळतात. तेवढ्यात लॉगिनमधून तक्रार टाका आणि सुविधा केंद्रावर कागद घेऊन जा. उत्पन्न, अधिवास, नॉन क्रिमिलेअर हे दाखले सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून दहावी-बारावीच्या निकालाआधीच काढून ठेवावेत. पडताळणीचा अर्ज तर अकरावी-बारावीतच जिल्हा समितीकडे टाकावा.

३) गुणच कमी पडले

हे मान्य करायला जड जातं, पण रस्ते आहेत. बारावी सायन्स झालेल्यांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. वर्ष एखादं जास्त लागतं, पण डिग्री तीच मिळते. बीएस्सी, आयटीआय हेही मार्ग आहेत. शेतीची आवड असेल आणि सीईटी दिलेली असेल तर राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या कॉलेजांची प्रवेश प्रक्रिया वेगळी चालते, तिकडे लक्ष ठेवा.

वर्ष थांबून परत सीईटी द्यायची असेल तर पोराला एकच विचारा : या वर्षी काय राहिलं आणि पुढच्या वर्षी वेगळं काय करणार? उत्तर ठोस असेल तरच थांबा. "बघू" म्हणाला तर आत्ता जे मिळतंय ते घ्या.

पैशाचं गणित

२०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून झाला तरच. मॅनेजमेंट कोटा किंवा संस्था स्तरावरच्या प्रवेशाला ही सवलत नाही. एजंट हे सांगत नाही. तो "सीट" देतो, फीचा बोजा चार वर्षं आपल्यावर राहतो.

कॅप फेऱ्या संपल्यावर रिकाम्या जागांसाठी कॉलेजं जाहिरात देऊन अर्ज मागवतात. तिथेही प्रवेश गुणवत्तेनेच व्हायला हवा. स्वतः जाऊन अर्ज द्या, पावतीशिवाय रुपया देऊ नका. मूळ कागदपत्रं दाखवून परत घ्या. कॉलेजला ती अडकवून ठेवता येत नाहीत.

शेवटची गोष्ट घरच्यांसाठी. यादी लागली त्या रात्री पोराला एकटं सोडू नका, शेजारच्या पोराशी तुलना करू नका. त्याला जेवायला घाला, झोपू द्या. सकाळी दोघं मिळून लॉगिन उघडा आणि वरच्या तीनपैकी आपलं कारण कोणतं ते शोधा.