अहलुवालिया खटला (इंग्लंड, 1989–1992)

किरणजीत अहलुवालिया या पंजाबी विवाहितेवर नवऱ्याच्या खुनाबद्दल चाललेला खटला. इंग्लंडमधील 'प्रक्षोभना'च्या कायद्याची पुढची सगळी चर्चा या खटल्याला वगळून करता येत नाही.

1979 मध्ये लग्न झालेल्या किरणजीत यांनी सुमारे दहा वर्षे नवऱ्याची मारहाण सोसली. 1983 आणि 1986 मध्ये त्यांनी न्यायालयाकडून मनाई हुकूमही मिळवले. मार थांबला नाही. मे 1989 मधल्या एका रात्री, क्रॉली येथील घरी, नवऱ्याने तापलेली इस्त्री चेहऱ्याशी नेऊन धमकावले. तो झोपल्यावर त्यांनी पेट्रोल ओतून आग लावली. भाजलेला नवरा काही दिवसांनी मरण पावला. डिसेंबर 1989 मध्ये लुईस येथील न्यायालयाने त्यांना खुनाबद्दल जन्मठेप दिली.

खरी अडचण कायद्याच्या एका शब्दात होती. प्रक्षोभन म्हणजे खुनाचा आरोप सदोष मनुष्यवधावर आणणारा बचाव. 1949 च्या डफी खटल्यातील व्याख्येनुसार त्यात आत्मसंयम 'अचानक व तात्पुरता' सुटावा लागे. ही कसोटी हात चटकन उगारू शकणाऱ्याला सोयीची. ताकदीने कमी असलेली, भ्यालेली बाई मात्र समोरचा झोपेपर्यंत थांबते आणि तेच थांबणे तिच्या विरोधात जाते. मराठी वाचकाला येथे नानावटी खटला आठवेल. तेथेही सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये, पत्नीची कबुली आणि तिच्या प्रियकराचा खून यांच्या मधल्या सुमारे तीन तासांत राग निवायला पुरेसा अवधी मिळाला, असे धरले होते. पण तो राग पत्नीच्या परसंबंधाचा होता, वर्षानुवर्षांच्या माराचा नव्हे.

'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' ही संघटना किरणजीत यांच्या पाठीशी उभी राहिली. जुलै 1992 मध्ये अपील न्यायालयाने खुनाची शिक्षा रद्द केली. याला अनेकदा प्रक्षोभनाच्या मुद्द्याचा विजय म्हटले जाते. ते बरोबर नाही. मध्ये वेळ गेला एवढ्यानेच हा बचाव बाद होत नाही, असे मुख्य न्यायमूर्ती लॉर्ड टेलर यांच्या पीठाने म्हटले, तरी 'अचानक'ची अट कायम ठेवली. अपील मान्य झाले ते किरणजीत यांच्या नैराश्याबद्दलचा वैद्यकीय अहवाल मूळ खटल्यात पुढे आलाच नव्हता म्हणून. छळ सोसलेल्या बाईला सुटका मिळाली, पण आजारी ठरून. सप्टेंबर 1992 मध्ये सदोष मनुष्यवधाची कबुली स्वीकारून तीन वर्षे चार महिन्यांची शिक्षा झाली. तेवढी त्यांनी भोगलेली असल्याने त्या लगेच सुटल्या.

त्यांचे आत्मकथन 'सर्कल ऑफ लाइट' (1997) राहिला गुप्ता यांच्यासह लिहिलेले आहे. जगमोहन मुंदडा यांच्या 'प्रोव्होक्ड' या चित्रपटात त्यांची भूमिका ऐश्वर्या राय यांनी केली.

कायदा बदलायला मात्र सतरा-अठरा वर्षे लागली. 2009 च्या कायद्याने (अंमल ऑक्टोबर 2010 पासून) जुने प्रक्षोभन रद्द केले, संयम सुटणे 'अचानक' असण्याची अट काढली आणि गंभीर हिंसेची भीती हे ग्राह्य कारण मानले. जोडीदाराचा परसंबंध हे मात्र स्वतंत्र कारण म्हणून त्यातून वगळले. भारतीय न्याय संहितेत 'गंभीर व आकस्मिक' ही जोडी अजून तशीच आहे, जरी मद्रास उच्च न्यायालयाने 1989 मध्येच सुयंबुक्कनी खटल्यात दीर्घकाळ साचलेल्या प्रक्षोभनाचा विचार केला होता. इंग्लंडमध्येही 2019 साली, छळ करणाऱ्या नवऱ्याला मारणाऱ्या सॅली चॅलन यांची खुनाची शिक्षा रद्द झाली, ती नव्या मनोवैद्यकीय पुराव्यामुळेच.