मधू सप्रे : नागपूरची सौंदर्यवती, एक उत्तर आणि चौदा वर्षांचा खटला

बालाघाट जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. राज्य बदलले, पण आपले सोयरे, दवाखाने आणि लग्नाची खरेदी अजून गोंदियामार्गे नागपूरलाच जाते. त्यामुळे नागपूरची मुलगी 'मिस इंडिया' झाली तेव्हा आपल्या मराठी घरांतही आनंद झाला होता. पुढे तिच्यावर टीका सुरू झाली तेव्हा त्या टीकेतही आपण मागे नव्हतो. नव्या पिढीला ही हकिकत फारशी ठाऊक नाही. म्हणून हा परिचय.

जन्म आणि सुरुवात

मधू सप्रे यांचा जन्म १४ जुलै १९७१ रोजी नागपूर येथे झाला. मॉडेलिंगकडे वळण्यापूर्वी त्या खेळाडू होत्या. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढच्या प्रसंगाचा उलगडा तिच्यातूनच होतो. १९९२ मध्ये त्यांनी 'फेमिना मिस इंडिया' किताब जिंकला. उंच बांधा, सावळा वर्ण आणि रेखीव चेहरा ही त्यांची ओळख ठरली. गोऱ्या रंगाचे वेड असलेल्या आपल्या समाजात सावळ्या मुलीने हा मुकुट मिळवणे ही लहान गोष्ट नव्हती.

बँकॉकचे उत्तर

मे १९९२ मध्ये थायलंडची राजधानी बँकॉक येथे 'मिस युनिव्हर्स' स्पर्धा झाली. मधू सप्रे अंतिम तिघींत पोहोचल्या. शेवटच्या फेरीत, देशाचे नेतृत्व हाती आले तर काय कराल, अशा आशयाचा प्रश्न होता. गरिबी ही फार जुनी समस्या आहे, ती लगेच दूर होणार नाही, आपल्याकडे खेळाच्या चांगल्या सोयी नाहीत, म्हणून आपण मोठे क्रीडासंकुल उभारू, असे त्यांनी सांगितले. नामिबियाची मिशेल मॅक्लीन विजेती ठरली, कोलंबियाची पाओला तुर्बाय दुसरी आली आणि मधू सप्रे तिसऱ्या.

त्या उत्तरामुळे मुकुट गेला, असे सगळीकडे बोलले गेले. गरीब देशाच्या मुलीला स्टेडियम सुचावे, याचे लोकांना हसू आले. आम्हीही हसलो होतो. आज वाटते, की मैदानावर घाम गाळलेल्या वीस वर्षांच्या मुलीने जे स्वतः अनुभवले तेच सांगितले. गरिबी हटवण्याचे पाठ केलेले वाक्य तिला म्हणता आले असते, पण तिने ते म्हटले नाही. दोनच वर्षांनी, १९९४ मध्ये, सुश्मिता सेन 'मिस युनिव्हर्स' आणि ऐश्वर्या राय 'मिस वर्ल्ड' झाल्या. त्या यशाच्या प्रकाशात बँकॉकचे तिसरे स्थान झाकले गेले.

बुटांची जाहिरात

१९९५ मध्ये 'टफ शूज' या बुटांची जाहिरात नियतकालिकांत आली. छायाचित्रकार होते प्रबुद्ध दासगुप्ता. मधू सप्रे आणि जलतरणपटू व मॉडेल मिलिंद सोमण यांच्या अंगावर बुटांखेरीज काही नव्हते आणि दोघांभोवती अजगराचा विळखा होता. देशभर गदारोळ झाला. मुंबई पोलिसांनी अश्लीलतेच्या आरोपावरून गुन्हा नोंदवला. अजगराच्या वापरावरून वन्यजीव संरक्षण कायद्याखालीही तक्रार झाली. कान्हाच्या जंगलाशेजारी राहणाऱ्या आपल्याला हा दुसरा आक्षेप सहज समजेल.

दोघेही मराठी, हे आपल्या लोकांना जास्त लागले. मात्र त्या काळी कुजबुजीत नाव यायचे ते मुलीचे. सोमण यांच्याबद्दल एवढे कोणी बोलत नसे.

खटल्याचा हिशेब

आमची हयात बँकेत गेली, म्हणून हा हिशेब मांडतो. भारतीय दंड संहितेचे कलम २९२ अश्लील साहित्याच्या विक्री व प्रसाराबद्दल होते. पहिल्यांदा दोषी ठरल्यास त्यात जास्तीत जास्त दोन वर्षे कैद आणि दोन हजार रुपये दंड होता. हा खटला चालला चौदा वर्षे. २००९ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. पूर्ण शिक्षेच्या सातपट काळ केवळ निकालाची वाट पाहण्यात गेला.

पुढे २०१४ मध्ये, 'अवीक सरकार' खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अश्लीलता आजच्या समाजाच्या मापाने आणि संपूर्ण संदर्भ पाहून ठरवावी. नग्न चित्र आहे एवढ्यावरून ते अश्लील ठरत नाही.

नंतरचे आयुष्य

नव्वदच्या दशकात मधू सप्रे देशातील आघाडीच्या मॉडेल होत्या. २००३ मध्ये कैझाद गुस्ताद यांच्या 'बूम' या हिंदी चित्रपटात त्यांनी काम केले. त्यात अमिताभ बच्चन, पद्मा लक्ष्मी आणि कतरिना कैफ हेही होते. चित्रपट चालला नाही. त्यांनी इटालियन उद्योजकाशी विवाह केला आणि इटलीत संसार थाटला. त्यांना एक मुलगी आहे.

शेवटी

ती जाहिरात सर्वांना आवडावी असा आमचा आग्रह नाही. आम्हाला ती तेव्हा आवडली नव्हती, आजही घरात लावणार नाही. परंतु न आवडणे वेगळे आणि गुन्हा वेगळा, हे न्यायालयाला सांगायला चौदा वर्षे लागली. आपल्याला समजायला त्याहून जास्त लागली. आज आपल्या घरातली एखादी मुलगी म्हणाली, की गावात आधी चांगले मैदान हवे, तर तिला हसू नये. तिचे म्हणणे आधी पूर्ण ऐकून घ्यावे.