मिठाचें माप

महाराष्ट्रीय पंक्तींत पान मांडलें कीं पहिला मान मिठाचा असतो. ज्याचें मीठ खाल्लें त्याच्याशीं इमान राखावें, ही या भूमीची नीति. आणि बेचव पदार्थाला ‘अळणी’ म्हणून बाजूस सारावें, ही तिची रसिकता. अशा मानाच्या पदार्थावर वैद्यकशास्त्रानें हृदयास इजा केल्याचा आरोप ठेवावा, हें प्रथमदर्शनीं कृतघ्नपणाचें वाटतें. परंतु हा आरोप उतावीळपणें ठेवलेला नाहीं. तो शाबीत होण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. आणि त्या शंभर वर्षांची हकीकत स्वयंपाकघराशीं संबंध असणाऱ्या प्रत्येकानें ऐकण्यासारखी आहे.

रक्ताला दाब असतो, ही गोष्ट इंग्लंडांतील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकानें घोडीच्या रोहिणींत कांचेची नळी बसवून पाहिली व १७३३ सालीं प्रसिद्ध केली. पण माणसाच्या रक्तदाबाचें मोजमाप सुलभ होण्यास १८९६ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं इटलींतील रीवा-रोची या वैद्यानें दंडाभोंवतीं आवळण्याची हवेची पट्टी पुढें आणली. माप हातीं येतांच प्रश्नहि विचारतां येऊं लागले. १९०४ सालीं पॅरिस येथें आंबार व बोझार या दोघां डॉक्टरांनीं कांहीं रुग्णांच्या आहारांतील मीठ कमीजास्त करून पाहिलें. मीठ शरीरांत सांचलें कीं दाब चढे. तें निघून गेलें कीं उतरे.

असें कां व्हावें? रक्ताचा खारटपणा ठराविक राखण्याचा शरीराचा कटाक्ष असतो. एक लिटर पाण्यास सुमारें ९ ग्रॅम मीठ, असें तें प्रमाण धरतां येईल. मीठ अधिक गेलें म्हणजे तहान लागते, पाणी धरून ठेवलें जातें आणि रक्ताचें आकारमान वाढतें. हा जादा भार बाहेर टाकण्याचें काम मूत्रपिंडांचें. ज्यांचीं मूत्रपिंडें या कामांत मंद असतात, त्यांच्या शरीरांत दाब वाढल्याखेरीज तो भार निघत नाहीं. मग हृदय वर्षानुवर्षें त्या दाबाविरुद्ध रक्त लोटीत राहतें. त्याची भिंत जाड होते, रोहिण्या ताठर होतात. शेवटीं कोणाच्या मेंदूंतील रक्तवाहिनी फुटते, कोणाचें हृदय थकून जातें. या सर्व काळांत रोग्यास बहुधा कांहींच जाणवत नाहीं, ही खरी भीति.

दाबावर जेव्हां चांगलें औषध नव्हतें, त्या काळीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत वॉल्टर केम्पनर या जर्मनींतून आलेल्या डॉक्टरनें एक विलक्षण आहार सुरू केला: भात, फळें, फळांचा रस आणि साखर, मीठ मुळींच नाहीं. १९४२ सालची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. हा आहार घेणाऱ्या एका बाईस त्यानें दोन आठवड्यांनीं परत येण्यास सांगितलें. त्याच्या जर्मन उच्चारामुळें तिनें तें दोन महिने असें ऐकलें. ती परतली तेव्हां तिचा दाब उतरला होता आणि फुगलेलें हृदय लहान झालें होतें. पुढें शेंकडों रुग्णांस गुण आला. परंतु असा आहार जन्मभर पाळणें फार थोड्यांस साधलें. १९५८ च्या सुमारास मूत्रावाटे मीठ बाहेर काढणाऱ्या गोळ्या निघाल्या आणि लोकांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. जें ताटांत टाळलें नाहीं, तें गोळीनें काढावें, असा तो व्यवहार होता.

तरीहि एक शंका उरलीच. रोग्यांचें असो, निरोगी माणसांच्या समाजावर मिठाचा परिणाम होतो काय? १९६० सालीं लुईस डाल या अमेरिकन संशोधकानें निरनिराळ्या लोकांचा आहार ताडून पाहिला. ध्रुवप्रदेशांतील एस्किमो अगदीं थोडें मीठ खात व त्यांच्यांत दाबाचा विकार क्वचित आढळे. उत्तर जपानांतील शेतकरी मात्र दिवसाला २५ ग्रॅमांहून अधिक मीठ खात. हिंवाळा दीर्घ, भाजी खारवून ठेवावयाची, आणि मिसो नांवाच्या खारट आंबवणाचें सार नित्याचें. १९५१ पासून १९८० पर्यंत पक्षाघात हेंच जपानांतील मृत्यूचें पहिलें कारण होतें.

या संकटाशीं झुंजण्याचें काम तेथें चुलीपाशीं झालें. नागानो हा डोंगराळ प्रांत पक्षाघाताबद्दल कुप्रसिद्ध होता. तेथें गांवोगांवच्या स्वयंसेविका, ज्या स्वतःच गृहिणी होत्या, शेजारणींच्या घरीं जाऊन साराचा खारटपणा मोजूं लागल्या. सार बंद करा, असें त्यांनीं सांगितलें नाहीं. त्यांत भाज्या अधिक घाला, लोणचीं थोडीं वाढा, एवढेंच त्यांचें सांगणें होतें. पुढें १९९० च्या सुमारास पुरुषांच्या आयुर्मानांत नागानो साऱ्या जपानांत पहिला आला. याचें सर्व श्रेय एकट्या मिठास देणें बरोबर होणार नाहीं. औषधोपचार व दाबाची तपासणीहि वाढली होती. पण मिठाचा वाटा नाकारतां येत नाहीं.

अलीकडचा पुरावा चीनमधला आहे. तेथील ६०० खेड्यांतील सुमारें २१ हजार लोकांवर केलेला प्रयोग २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्या खेड्यांनीं चार भागांतील एक भाग पोटॅशियमचा क्षार असलेलें मीठ वापरलें. जवळजवळ पांच वर्षांत त्यांच्यांत पक्षाघाताचें प्रमाण १४ टक्क्यांनीं कमी भरलें. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीं असलें मीठ डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये.

जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसास दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाभरहि नव्हे, इतकें मीठ सांगितलें आहे. याहून फार खालीं जावें कीं नाहीं, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. परंतु भारतीय माणूस सरासरीनें या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट मीठ खातो, त्यामुळें तो वाद येथील घरांना तूर्त लागू नाहीं. पापड, लोणचें, फरसाण आणि पानांत वरून घेतलेलें मीठ यांचाच हिशोब प्रथम मांडावा. केम्पनरचें पथ्य टिकलें नाहीं, नागानोचें टिकलें. कारण तें सर्व घरानें मिळून आणि हळूहळू पाळलें. जीभ ही संवयीची दासी आहे. आमटींतील मीठ थोडथोडें उतरवीत गेल्यास कांहीं आठवड्यांत तीच चव तिला पुरेशी वाटूं लागते; उणीव भासल्यास लिंबू, कोकम, आलें, जिरें व कोथिंबीर हीं आहेतच. पानांत मिठाचा मान आहे तेथेंच राहूं द्यावा. चिमूट मात्र लहान करावी.