'आम्ही', 'मी' आणि 'आपण' : मोटारसमीक्षेच्या माध्यमांतराचा इतिहास

१

रोलाँ बार्त यांच्या 'मिथॉलॉजीज' (१९५७) या संग्रहात सित्रोएन कंपनीच्या डी. एस. या मोटारीवर एक छोटा लेख आहे. ही गाडी १९५५ च्या पॅरिस प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. तिच्या नावातील दोन आद्याक्षरांचा फ्रेंच उच्चार 'देवी' या अर्थाच्या शब्दासारखा होतो. हा श्लेष हाताशी धरून बार्त मोटारीला मध्ययुगीन गॉथिक कॅथीड्रलच्या पंक्तीत नेऊन बसवतात. चिन्हमीमांसेच्या अभ्यासकांना हा लेख परिचित आहे. मात्र त्यातील मोटार प्रदर्शनात उभी आहे. लोक तिच्याभोवती जमतात, तिच्या अंगावरून हात फिरवतात; रस्त्यावर धावणारी गाडी त्या लेखात येत नाही.

धावणाऱ्या गाडीविषयी लिहिणारी एक वेगळी परंपरा बार्त यांच्याही आधी साठ वर्षे अस्तित्वात होती. तिला स्वतःचे संकेत होते, परिभाषा होती, श्रेष्ठ-कनिष्ठ लेखक होते आणि चोखंदळ वाचकवर्गही होता. वाङ्मयसमीक्षेने मात्र या लेखनाची दखल सहसा 'व्यावसायिक माहितीपर मजकूर' एवढ्यापुरतीच घेतली. २००४ मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'चे डॅन नील यांना मोटारींवरील लेखनासाठी समीक्षेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. नाटक, संगीत, चित्रपट, वास्तुकला यांच्या समीक्षकांना दिला जाणारा हा सन्मान मोटारींच्या समीक्षकाला प्रथमच मिळत होता. योगायोग असा की, मोटारसमीक्षेला समीक्षा म्हणून मान्यता मिळाली, नेमका त्याच सुमारास तिचा छापील आधार ढासळू लागला होता.

मोटारपत्रकार मासिकातून संगणकाच्या पडद्यावर गेले, ही घटना बहुधा तंत्रज्ञानाची किंवा अर्थकारणाची कथा म्हणून सांगितली जाते. ती निवेदकाच्या स्थित्यंतराची कथा म्हणूनही वाचता येते, आणि अशा वाचनासाठी मराठी भाषा विशेष सोयीची आहे. इंग्रजीतील एकाच प्रथमपुरुषी अनेकवचनाच्या जागी मराठीत दोन सर्वनामे आहेत : श्रोत्याला बाहेर ठेवणारे 'आम्ही' आणि श्रोत्याला सामावून घेणारे 'आपण'. या दोहोंच्या मध्ये 'मी' ठेवला, की मोटारसमीक्षेच्या इतिहासाचे तीन टप्पे स्पष्ट दिसू लागतात.

२

'दि ऑटोकार' हे ब्रिटिश साप्ताहिक २ नोव्हेंबर १८९५ रोजी सुरू झाले. त्या वेळी ब्रिटनमध्ये मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि रस्त्यावरील यांत्रिक वाहनांवर कायद्याची कडक बंधने होती. साहजिकच प्रारंभीच्या अंकांत मोटारीची बाजू मांडणे, हेच काम मुख्य होते. समीक्षा ही नंतरची अवस्था. ज्या वस्तूचे अस्तित्वच वादग्रस्त असते, तिच्याविषयी आधी वकिली होते. ती वस्तू स्थिरावून तिच्यात निवड शक्य झाली की मगच चिकित्सा सुरू होते.

१९२८ पासून 'ऑटोकार'ने पद्धतशीर रस्ताचाचण्या छापण्यास प्रारंभ केला. पुढे 'दि मोटर' हे प्रतिस्पर्धी साप्ताहिकही त्याच वाटेने गेले. (१९८८ मध्ये ते 'ऑटोकार'मध्ये विलीन झाले.) या चाचणीलेखाची रचना काटेकोर असे. गाडीच्या स्वतःच्या वेगदर्शकावर विश्वास न ठेवता मागे जोडलेल्या 'पाचव्या चाका'ने वेग मोजायचा. स्थिर अवस्थेतून ताशी ६० मैलांपर्यंत पोहोचण्यास लागणारे सेकंद, ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर, एका गॅलनमध्ये कापलेले मैल हे सारे कोष्टकात मांडायचे. आणि त्यानंतर मोजक्या शब्दांत अभिप्राय द्यायचा. लेखाखाली नाव नसे. निवेदक 'आम्ही' असे.

हा 'आम्ही' राजेशाही थाटाचा नव्हता. त्यामागे चाचणी घेणारे अनेक जण, वर्षानुवर्षे न बदललेली मोजपट्टी आणि आधीच्या शेकडो चाचण्यांची कोष्टके उभी असत. वाचकाचा विश्वास व्यक्तीवर नसून पद्धतीवर असे. आजच्या गाडीचे आकडे दहा वर्षांपूर्वीच्या गाडीच्या आकड्यांशेजारी ठेवता येत, कारण मोजणाऱ्याची माणसे बदलली तरी मोजण्याची रीत बदलत नसे. संहितेला संस्थेचे प्रामाण्य कसे प्राप्त होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

या प्रामाण्याला एक भेगही होती. साहित्यसमीक्षकाला पुस्तक विकत घेता येते; मोटारसमीक्षकाला दर आठवड्याला नवी गाडी विकत घेणे अशक्य. गाडी उत्पादकच पुरवतो, अनावरणासाठी पत्रकारांना नेण्याआणण्याचा खर्च बहुधा तोच करतो आणि त्याच अंकात जाहिरातही तोच देतो. समीक्ष्य वस्तूचा निर्माता, समीक्षकाचा यजमान आणि नियतकालिकाचा आश्रयदाता या तिन्ही भूमिका एकाच हाती असतात. या कोंडीतून पूर्णपणे बाहेर पडण्याचा मार्ग अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने दाखवला. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या ग्राहकसंघाचे हे मासिक जाहिरात घेत नाही आणि चाचणीची गाडी बाजारातून विकत घेते. परंतु तो मार्ग अपवादच राहिला. इतरांना संपादकीय विभाग आणि जाहिरात विभाग यांच्यामधील भिंतीवर भिस्त ठेवावी लागली. ती भिंत कधी पक्की असे, कधी केवळ पडदा असे. पण ती असली पाहिजे, हे तत्त्व तरी मान्य होते.

३

साठच्या दशकात या अनामिक 'आम्ही'च्या शेजारी नाव, स्वभाव आणि शैली असलेला 'मी' येऊन बसला. अमेरिकेत 'स्पोर्ट्स कार्स इलस्ट्रेटेड'चे १९६१ मध्ये 'कार अँड ड्रायव्हर' झाले. त्याच्या एप्रिल १९६८ च्या अंकात डेव्हिड ई. डेव्हिस यांनी बी. एम. डब्ल्यू. २००२ या गाडीवर लिहिलेला लेख या परिवर्तनाचा ठळक टप्पा मानला जातो. चर्चमध्ये स्तोत्राचा क्रमांक उच्चारून भाविकांना पुस्तक उघडायला सांगतात, त्या धाटणीवर लेखाचे शीर्षक बेतलेले होते. गाडीचे नावच एक आकडा असल्यामुळे विडंबन आपोआप साधले. कोष्टकाची जागा प्रवचनाने घेतली, आणि प्रवचनाला प्रवचनकार लागतो.

ब्रिटनमध्ये १९६२ मध्ये 'स्मॉल कार' या नावाने निघालेले आणि १९६५ पासून 'कार' म्हणून ओळखले जाणारे मासिक अशा लेखकांचे घर झाले. कायद्याचे शिक्षण घेतलेले एल. जे. के. सेटराइट (१९३१-२००५) त्यांतील सर्वांत विलक्षण. टायरच्या रबराविषयी लिहिता लिहिता लॅटिन, संगीत, धर्मग्रंथ यांच्याकडे वळणारा हा लेखक वाचकाची विद्वत्ता गृहीत धरत असे. अनेकांना तो दुर्बोध वाटे. तरीही मासिकात त्याचे पान कायम होते.

'मी'ला हे स्वातंत्र्य कोणी दिले, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. सेटराइट यांचा स्तंभ न वाचणारा वाचकही त्या मासिकाचे पैसे देत होता, कारण त्याला शेजारची तुलनात्मक चाचणी हवी होती. म्हणजे 'आम्ही'च्या कोष्टकांनी 'मी'च्या लहरींचा भार वाहिला. मासिक हा एक एकत्र कुटुंबाचा संसार होता. त्यात कमावते कोण आणि छांदिष्ट कोण, याचा वेगळा हिशेब कोणी मांडत नसे.

४

हा हिशेब वेगळा मांडणे महाजालाने शक्य केले. पहिला आघात लेखनावर नव्हे, तर माहितीवर झाला. १९६६ पासून मोटारींच्या किमतींच्या पुस्तिका छापणाऱ्या अमेरिकेतील एडमंड्स या संस्थेने १९९४-९५ च्या सुमारासच आपली माहिती महाजालावर ठेवली. किंमत, इंजिनाचे आकारमान, इंधनाचा खप यांसाठी मासिक विकत घेण्याचे कारण क्रमाने उरले नाही. कोष्टके फुकट झाली आणि एकत्र कुटुंबाचा कमावता सदस्य घराबाहेर पडला.

दुसरा बदल काळाच्या जाणिवेत झाला. गाडी चालवण्याचा दिवस आणि मासिकाचा अंक वाचकाच्या हाती पडण्याचा दिवस यांत काही आठवड्यांचे अंतर असे. त्या अंतरात पुनर्विचार होई, दुसरा सहकारी तीच गाडी चालवून असहमत होई, संपादक परिच्छेद कापी. महाजालावर उत्पादकाने घातलेली प्रसिद्धीबंदी ज्या घटकेला उठते, त्याच घटकेला सर्वांचे लेख एकदम प्रकट होतात. विलंब हा मासिकाचा दोष समजला जात होता; तो समीक्षेच्या कार्यपद्धतीचा भाग होता, हे तो नाहीसा झाल्यावर कळले.

माणसेही निघाली. डेव्हिस यांनी ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर 'ऑटोमोबिल' हे मासिक उभे केले होते. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी 'वाइंडिंग रोड' या संगणकावर वाचावयाच्या नियतकालिकात प्रयोग केला आणि २००९ मध्ये ते पुन्हा 'कार अँड ड्रायव्हर'च्या छापील पानावर परतले. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. ब्रिटनमध्ये 'ऑटोकार'च्या रस्ताचाचणी विभागात घडलेले क्रिस हॅरिस यांनी सहकाऱ्यांसह २००८ मध्ये 'ड्रायव्हर्स रिपब्लिक' हे केवळ महाजालावरील नियतकालिक काढले. मांडणी देखणी होती, लेखक नामांकित होते. तरी ते २००९ मध्येच बंद पडले. पुढे २०१२ पासून यूट्यूबवरील चित्रफिती, २०१४ मध्ये स्वतःची वाहिनी आणि २०१६ मध्ये बी. बी. सी.चा 'टॉप गिअर' असा हॅरिस यांचा प्रवास झाला. 'इव्हो' या १९९८ मधील मासिकाचे एक संस्थापक हॅरी मेटकाफ हेही अखेर यूट्यूबवरच स्थिरावले.

या स्थित्यंतराचा अर्थ दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे उलगडतो. एप्रिल २००५ मध्ये डॅन नील यांनी पाँटिअॅक जी-६ या गाडीच्या निमित्ताने जनरल मोटर्सच्या नेतृत्वावर कडक टीका केली. कंपनीने 'लॉस एंजेलिस टाइम्स'च्या जाहिराती थांबवल्या. त्या ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाल्या. तोटा वृत्तपत्राने सोसला, समीक्षकाचे पान चालूच राहिले. दुसरी घटना फेब्रुवारी २०११ मधील. चाचणीसाठी पत्रकारांना दिल्या जाणाऱ्या गाड्या फेरारी कंपनी खास तयार करून पाठवते, असा आरोप हॅरिस यांनी 'जॅलोपनिक' या अमेरिकी संकेतस्थळावरील लेखात केला. त्यानंतर त्या कंपनीशी त्यांचे संबंध काही काळ तुटले. येथे मध्ये भिंत नव्हती. आघात थेट व्यक्तीवर झाला.

दुसऱ्या घटनेवरून महाजालाने समीक्षकाला मुक्त केले, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि तो अंशतः खराही आहे. मासिकांच्या वर्तुळात जे कुजबुजत बोलले जात होते, ते उघडपणे लिहिले गेले. परंतु तो आरोप गंभीरपणे का घेतला गेला? शेकडो गाड्या एका मोजपट्टीने मोजलेल्या विभागातून लेखक आला होता म्हणून. म्हणजे मुक्त झालेला 'मी' जे भांडवल खर्च करत होता, ते अनामिक 'आम्ही'ने साठवलेले होते. पहिल्या पिढीला हा वारसा पुरला. ज्यांनी कोणत्याही रस्ताचाचणी विभागात उमेदवारी केली नाही, त्यांचे प्रामाण्य कशातून उभे राहील, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतील 'टेन पब्लिशिंग'ने आपल्या २२ छापील नियतकालिकांपैकी १९ बंद करण्याचे जाहीर केले. त्यांत डेव्हिस यांचे 'ऑटोमोबिल'ही होते. उमेदवारीच्या जागाच तेव्हा झपाट्याने कमी झाल्या.

५

भारतात हा क्रम दाटीवाटीने घडला. १९९१ पूर्वी अँबेसेडर, कुर्ल्यात तयार होणारी प्रीमिअर पद्मिनी आणि १९८३ पासून मारुती ८०० एवढ्यांतच बहुतेकांची निवड संपत असे. त्यातही क्रमांक लावून थांबावे लागे. जेथे मिळणे हेच भाग्य, तेथे समीक्षेला फारसा अवकाश नसतो. बाजार खुला झाल्यावर 'ओव्हरड्राइव्ह' (१९९८) आणि 'ऑटोकार इंडिया' (१९९९) ही इंग्रजी मासिके निघाली. पश्चिमेत शंभर वर्षे चाललेला छापील संसार येथे दशकभरातच महाजालाला सामोरा गेला. 'ओव्हरड्राइव्ह'चे संस्थापक संपादक अदिल जल दारुखानावाला पुढे 'झिगव्हील्स' या संकेतस्थळाचे संपादक झाले, हे या दाटीचे बोलके उदाहरण होय.

याच टप्प्यावर तिसरे सर्वनाम येते. चित्रफितीतील मराठी निवेदक 'आज आपण ही गाडी बघणार आहोत' असे म्हणतो. हा 'आपण' प्रेक्षकाला शेजारच्या आसनावर बसवतो. 'गाडीला अॅव्हरेज किती?', 'घाटात दम लागतो का?' हे गॅरेजमध्ये आणि चहाच्या टपरीवर विचारले जाणारे प्रश्न त्यामुळे समीक्षेच्या केंद्रस्थानी आले. इंग्रजी मासिकांनी ज्या वाचकाला कळत-नकळत बाहेर ठेवले होते, त्याला बोलीच्या वाटेने प्रवेश मिळाला. ही या माध्यमांतराची निःसंशय कमाई आहे.

पण 'आपण'मध्ये एक मोहही आहे. 'आम्ही' म्हणणाऱ्याला आपली मोजपट्टी दाखवावी लागे; 'मी' म्हणणाऱ्याला निदान आपली शैली सिद्ध करावी लागे. 'आपण' म्हणणाऱ्याला सिद्ध करण्यासारखे काही उरत नाही, कारण त्याने श्रोत्याची संमती आधीच गृहीत धरलेली असते. उत्पादकही बिनआवाज याच 'आपण'मध्ये येऊन बसू शकतो आणि आपुलकीचा स्वर व जाहिरातीचा स्वर यांतील सीमारेषा पुसट होते.

६

उरतो तो दप्तराचा प्रश्न. १९२८ मधील रस्ताचाचणी आजही ग्रंथालयातील बांधीव खंडातून काढून वाचता येते आणि तीत चूक असेल तर दाखवता येते. १९८२ मध्ये बंद पडलेल्या 'सत्यकथे'चे अंकही तसेच उपलब्ध आहेत. नियतकालिक संपले तरी त्याचा वाद संपला नाही. 'ड्रायव्हर्स रिपब्लिक'चे तसे झाले नाही. ते बंद झाले तेव्हा त्याचे कपाटही त्याच्याबरोबर गेले. समीक्षा ही आधीच्या समीक्षेला दिलेले उत्तर असते. आधीचा मजकूरच जेथे टिकत नाही, तेथे प्रत्येक निर्णय पहिला ठरतो आणि म्हणूनच बेजबाबदार राहू शकतो.

मोटार ही शेवटी एक वस्तू आहे. तिच्याविषयीचे लेखन कसे बदलले, याने साहित्याभ्यासकाचे काय बिघडते, असे विचारता येईल. परंतु पुस्तकाचे परीक्षणही छापील नियतकालिकाच्या आश्रयाने वाढले, तेथेही प्रकाशकच प्रत पाठवतो आणि तोच जाहिरात देतो. मोटारसमीक्षेत हे ताण अधिक पैशांमुळे अधिक उघडे पडले, इतकेच. समीक्षकाचे स्वातंत्र्य त्याच्या धैर्यावर अवलंबून असते, असे मानण्याची सवय आहे. या इतिहासावरून दिसते ते असे की, धैर्य एकट्याचे असले तरी त्याची किंमत चुकवणारे कोणीतरी मागे उभे असावे लागते. ते कोण असावे, याचा निर्णय नव्या माध्यमाने अजून केलेला नाही.