सिंगापूरची पंगत

सिंगापूर शहरांत शनिवारीं किंवा रविवारीं चार मित्र जेवावयास बाहेर पडले, तर त्यांची पावलें बहुधा एखाद्या मोठ्या खाद्यमंडईकडे वळतात. चोहोंकडे गाळ्यांच्या रांगा आणि मध्यें टेबलें. टेबल कोणत्याहि एका गाळ्याचें नव्हे, सर्वांचें. एक जण कागदी रुमालांची पुडी टेबलावर ठेवून जागा धरतो. ह्या प्रकारास तेथें ‘चोप’ करणें म्हणतात, आणि ती पुडी सहसा कोणी हलवीत नाहीं. मग जो तो आपापल्या गाळ्याकडे जातो. चिनी मित्र कोंबडी-भात आणतो, मलायी मित्र हलाल गाळ्यावरून कोळशावर भाजलेल्या मांसाच्या काड्या, म्हणजे सातै, आणतो. शाकाहारी तामिळ मित्र डोसा आणतो. आणि सर्व जण एकाच टेबलाशीं बसून जेवतात. आपल्याकडे १९३० च्या सुमारास सहभोजनें घडवून आणण्यासाठीं सुधारकांना केवढा खटाटोप करावा लागला, किती शिव्याशाप सोसावे लागले, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्या दृश्याचें महत्त्व सांगावयास नको. मात्र सिंगापूरची ही पंगत कोणा सुधारकानें मांडलेली नाहीं. ती गटारांच्या प्रश्नांतून निघाली.

१८१९ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें ह्या बेटावर ठाणें दिलें, आणि थोड्याच वर्षांत दक्षिण चीन, मलाया, जावा व आपला मद्रास इलाखा येथून माणसांचे लोंढे येऊं लागले. त्यांत पुष्कळसे एकटे पुरुष. कोणी हमाल, कोणी होडीवाले, कोणी मजूर. त्यांना ना चूल ना गृहिणी. त्यांची भूक फेरीवाला भागवी. खांद्यावर कावड, तिच्या एका टोकास कोळशाची शेगडी, दुसऱ्या टोकास कच्चा माल आणि वाडगे. शेवया विकणारा बरोबर एक पोरगा ठेवी. तो बांबूचे तुकडे एकमेकांवर ‘टॉक टॉक’ आपटीत गल्लींत पुढें जाई आणि मागण्या घेऊन परत येई. वाडगे धुवावयास बादलीभर पाणी, तेंच पुनः पुनः. उष्टेंखरकटें शेजारच्या गटारांत. पटकी आणि विषमज्वर यांना याहून आणखी आमंत्रण तें कोणतें?

१९४२ ते १९४५ पर्यंत शहर जपान्यांच्या ताब्यांत होतें. युद्धानंतर बेकारी माजली, आणि ज्याला दुसरा धंदा मिळेना तो शेगडी घेऊन रस्त्यावर बसला. १९५० सालीं ह्या प्रश्नाची चौकशी करण्यासाठीं समिति नेमली गेली. पण आज हुसकावावें आणि उद्यां फेरीवाल्यानें पुनः यावें, हा खेळ चालूच राहिला. १९६५ सालीं स्वतंत्र झालेल्या राज्यानें निराळी वाट धरिली. १९६८-६९ मध्यें बेटावरील फेरीवाल्यांची नोंदणी झाली. रस्त्यावर बसणारेच सुमारें १८,००० निघाले. त्यांना परवाने दिले, आणि १९७१ पासून नळ, मोरी व वीज असलेल्या इमारती बांधून एकेक रस्ता त्यांत हलविला. १९८६ पर्यंत हें काम पुरें झालें. फेरीवाला हा केवळ उपद्रव नसून गरिबाला स्वस्त अन्न पुरविणारा कामकरी आहे, हें आधीं मान्य केलें आणि मग त्याला शिस्त लावली, ह्यांतच ह्या योजनेचें खरें शहाणपण आहे. सक्ति नव्हती असें मात्र नव्हे.

ह्या मंडयांत इमारत म्हणून पाहण्यासारखी एक आहे: लाउ पा सात. नांवाचा अर्थच ‘जुना बाजार’. समुद्रकांठीं १८३८ सालीं कोलमन यानें अष्टकोनी मंडई उभारिली होती. पुढें भर घालून किनारा दूर सारला गेला, ती इमारत पाडली, आणि नगरपालिकेचे अभियंते मॅक्‌रिची यांनीं १८९४ सालीं तोच अष्टकोन राखून ओतीव लोखंडाची नवी मंडई बांधली. तिचे नक्षीदार खांब ग्लासगोहून जहाजानें आले. १९७३ सालीं ती राष्ट्रीय स्मारक ठरली. १९८६ सालीं भुयारी रेल्वेच्या कामासाठीं सारा सांगाडा सुटा करून ठेविला आणि नंतर पुनः जोडला! आतां भोंवतीं बँकांच्या गगनचुंबी इमारती आहेत. संध्याकाळीं शेजारचा बून टॅट रस्ता वाहनांना बंद होतो आणि तेथें सातैच्या शेगड्या पेटतात.

शेजारधर्मानें पाकक्रियाहि बदलली. चिनी शेवया तामिळ मुसलमानांनीं मिरची-मसाल्यांत परतल्या आणि ‘मी गोरेंग’ हा पदार्थ घडविला. तो मद्रासेस शोधून सांपडावयाचा नाहीं. चिनी लोकांना माशाचें डोकें प्रिय, म्हणून एका मल्याळी खाणावळवाल्यानें त्याची आमटी केली, असें सांगतात. अशा वेळीं शिवाशिवीचे नियम मोडले जात नाहींत, तर प्रत्येकाच्या ताटापुरते मर्यादित होतात. उष्टीं ताटें परत ठेवावयाच्या मांडण्यासुद्धां हलाल आणि इतर अशा वेगळ्या असतात. २०२१ पासून आपलें ताट आपण उचलणें कायद्यानेंच सक्तीचें झालें आहे.

१६ डिसेंबर २०२० रोजीं युनेस्कोनें ह्या मंडयांच्या संस्कृतीस मानवतेच्या वारशाच्या यादींत स्थान दिलें. मान मोठा, पण गाळेवाल्यांचें सरासरी वय साठीच्या आसपास आहे. पहांटे उठून मसाले वाटावयाचे, दिवसभर भट्टीपुढें उभें रहावयाचें, आणि इतकें करून पदार्थ स्वस्तच विकावयाचा; शिकलेल्या मुलांनीं हा धंदा पत्करावा तरी कसा? त्यांतच १९८० नंतर मोठ्या दुकानांच्या इमारतींत वातानुकूलित ‘फूड कोर्ट’ निघालीं. तेथें गारवा आहे, भाडें भारी आहे आणि पदार्थ महाग आहेत. सरकारनें २०११ सालीं नव्या मंडया बांधण्याचें ठरविलें, २०२० पासून उमेदवारांना जुन्या गाळेवाल्यांच्या हाताखालीं शिकविण्याची व्यवस्थाहि केली. तरी एखाद्या गाळ्याचें दार एके दिवशीं उघडत नाहीं. मालक थकलेला असतो, पाककृति कागदावर उतरलेली नसते, आणि नित्याचें गिऱ्हाईक क्षणभर थांबून शेजारच्या रांगेंत उभें राहतें.