मुरुगन : एका तमिळ नावाचा इतिहास

तमिळ मुलग्यांच्या नावांमध्ये ‘मुरुगन’ हे अतिशय जुने आणि सर्वदूर पसरलेले नाव आहे. ते मूळचे देवाचे. महाराष्ट्र ज्याला कार्तिकस्वामी म्हणून ओळखतो, तोच हा देव. मात्र तमिळ भूमीत त्याचे रूप, त्याच्या कथा आणि लोकजीवनातले त्याचे स्थान वेगळे आहे. शेतमजुरापासून प्राध्यापकापर्यंत कोणाचेही नाव मुरुगन असू शकते, आणि या नावाचा इतिहास पाहताना तमिळ समाजाच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासातले मोठे टप्पे ओळीने समोर येतात.

‘मुरुगु’ या तमिळ शब्दाला सौंदर्य, तारुण्य, कोवळीक, सुगंध आणि मध असे अर्थ आहेत. त्याला ‘अन’ हा पुल्लिंगी प्रत्यय लागून ‘मुरुगन’ हे रूप होते. सदा तरुण, सुंदर असा तो, हा त्याचा सरळ अर्थ. तमिळ लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर आहे. दोन स्वरांच्या मध्ये त्याचा उच्चार ग होतो. म्हणून ग्रंथांत कधी ‘मुरुकन’ असे लिप्यंतर आढळले, तरी बोलताना लोक मुरुगन असेच म्हणतात. हाक मारताना त्याचे ‘मुरुगा’ होते. दुखले-खुपले, दचकले की आपल्याकडे ‘अरे देवा’ म्हणतात, तसे तमिळ घरांत ‘मुरुगा’ हे संबोधन सहज तोंडी येते.

तमिळमधले सर्वांत जुने उपलब्ध साहित्य म्हणजे संगम साहित्य. त्याचा काळ इसवी सनाच्या आगेमागे काही शतके असा मानतात. या परंपरेतला ‘तोलकाप्पियम’ हा व्याकरणग्रंथ भूमीचे प्रकार सांगून त्यांच्या देवता नोंदवतो. त्यात डोंगराळ ‘कुरिंजी’ प्रदेशाचा देव आहे ‘सेयोन’, म्हणजे लाल वर्णाचा. हाच मुरुगन. कुरिंजीतले लोक शिकार करणारे, मध गोळा करणारे, डोंगरउतारावर राळ्याचे पीक घेणारे. मुरुगनची प्रिया वळ्ळी हीसुद्धा राळ्याचे शेत राखणारी, शिकाऱ्यांच्या घरातली मुलगी. त्याचे शस्त्र ‘वेल’ म्हणजे भाला. हा भाला हाती घेऊन अंगात आल्याप्रमाणे नाचणाऱ्या पुजाऱ्याला ‘वेलन’ म्हणत. प्रेमात झुरणाऱ्या मुलीला मुरुगनने झपाटले आहे असे समजून तिची आई वेलनला बोलावते, हा संगम कवितेतला वारंवार येणारा प्रसंग आहे. म्हणजे या नावाचा उगम राजवाड्यात किंवा मोठ्या देवळात झालेला नाही. तो डोंगरातल्या माणसांच्या जगण्यातून झाला आहे.

मुरुगनभक्तीला स्वतंत्र काव्यरूप मिळाले ते नक्कीरर या कवीच्या ‘तिरुमुरुगाट्रुप्पडै’मध्ये. ‘पत्तुप्पाट्टु’ या दहा दीर्घकाव्यांच्या संग्रहातले हे एक काव्य. ताडपत्रांवर विखुरलेले प्राचीन तमिळ ग्रंथ शोधून छापण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी १८८९ मध्ये हा संग्रह प्रसिद्ध केला. मुरुगनची सहा पवित्र स्थाने या काव्याच्या आधारे सांगितली जातात : तिरुप्परंकुंड्रम, तिरुच्चेंदूर, पळनी, स्वामिमलै, तिरुत्तणी आणि पळमुदिर्चोलै. तिरुच्चेंदूर समुद्रकाठी आहे. इतर स्थानांचे नाते डोंगराशी किंवा टेकडीशी आहे. पुढे या स्थानांनीच मुलांच्या नावांना मोठा पुरवठा केला.

उत्तर भारतात याच सुमारास स्कंद-कुमाराची उपासना जोरात होती. कुषाण राजा हुविष्क याच्या नाण्यांवर स्कंद आणि कुमार ही नावे आढळतात. कालांतराने तमिळ मुरुगन आणि हा स्कंद एकरूप झाले. शिव, उमा आणि त्यांच्यामध्ये बाल स्कंद अशी सोमास्कंद शिल्पे पल्लवांच्या मंदिरांत कोरली गेली. कच्चियप्प शिवाचार्यांनी कांचीपुरममध्ये ‘कंदपुराणम’ रचून स्कंदकथा तमिळमध्ये आणली. पंधराव्या शतकातल्या अरुणगिरिनाथरांच्या ‘तिरुप्पुगळ’ने मुरुगनचे नाव गायनातून घरोघर पोहोचवले. या मिलाफात जुने पुसले गेले नाही. इंद्रकन्या देवसेना ही त्याची पत्नी झाली, पण डोंगरातली वळ्ळीही तिच्या जोडीने राहिली. महाराष्ट्रात कार्तिकस्वामी ब्रह्मचारी मानला जातो आणि स्त्रियांनी त्याचे दर्शन एरवी घेऊ नये असा संकेत आहे. तमिळनाडूत मात्र मुरुगन दोन पत्नींसह पूजला जातो आणि त्याच्या देवळांत स्त्रियांची गर्दी असते. महाराष्ट्रात तो गणपतीचा थोरला भाऊ, तमिळनाडूत धाकटा.

दोन परंपरा एकत्र आल्यामुळे या एका देवाभोवती नावांचे मोठे कुटुंब तयार झाले. मुरुगन शब्दातूनच मुरुगेसन, मुरुगानंदम, बालमुरुगन, वेलमुरुगन ही नावे निघाली. भाल्यावरून वेलन, वेलू, वडिवेल, शक्तिवेल, तंगवेल, कदिरवेल. क्षेत्रांवरून पळनीसामी, पळनीअप्पन. तिरुच्चेंदूरवरून सेंदिल, सेंदिलकुमार. स्वामिमलैवरून स्वामिनाथन, कारण तेथे पुत्राने पित्याला, म्हणजे शिवाला, प्रणवाचा अर्थ सांगितला अशी कथा आहे. षण्मुगम आणि आरुमुगम या दोन्हींचा अर्थ सहा मुखांचा. एक संस्कृत, दुसरे तमिळ. सुब्रमणियन, कार्तिकेयन, सरवणन, कुमरन आणि कंदसामी हीही त्याचीच नावे. नाव निवडताना समाजभेद दिसून येई. ब्राह्मण घरांत सुब्रमणियन, स्वामिनाथन अशी नावे अधिक, तर शेतकरी, कारागीर आणि कष्टकरी समाजांत मुरुगन, वेलू, पळनी ही नावे विपुल.

तमिळ कुटुंबांत थोरल्या नातवाला आजोबांचे नाव देण्याची जुनी चाल आहे. नातवासाठी असलेला ‘पेरन’ हा शब्दही नाव धारण करणारा या अर्थाच्या ‘पेयरन’पासून आला आहे. त्यामुळे एकाच घरात एका पिढीआड मुरुगन सापडतो. दुसरे कारण नवस. मूल व्हावे म्हणून पळनीला किंवा तिरुच्चेंदूरला नवस बोलायचा, मूल झाल्यावर तेथे त्याचे जावळ काढायचे आणि त्या देवाचे नाव त्याला द्यायचे, ही रीत आजही चालू आहे.

तमिळ माणूस सहसा आडनाव लावत नाही. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आपल्या नावाआधी लावतो. या पद्धतीला विसाव्या शतकातल्या चळवळींनी बळ दिले. पेरियार ई. वे. रामसामी यांच्या स्वाभिमान चळवळीच्या १९२९ च्या चेंगलपट्टू परिषदेत नावामागची जातिवाचक उपपदे सोडण्याचा ठराव झाला. त्याआधी १९१६ च्या सुमारास सुरू झालेल्या शुद्ध तमिळ चळवळीने संस्कृत नावांऐवजी तमिळ नावे घेण्याचा आग्रह धरला होता; तिचे प्रवर्तक स्वामी वेदाचलम स्वतः मरैमलै अडिगळ झाले. पुढे द्रविड चळवळीतल्या अनेकांनी नावे बदलली. रामय्या अन्बळगन झाले, नारायणसामी नेडुंचेळियन झाले. देवांची नावे अशी मागे पडत असताना मुरुगन हे नाव टिकून राहिले. श्रद्धाळूंना ते देवाचे नाव म्हणून प्रिय होते आणि भाषाभिमान्यांना अस्सल तमिळ शब्द म्हणून. देव न मानणाऱ्या मु. करुणानिधींच्या नावातला ‘मु’ हाही त्यांचे वडील मुत्तुवेल यांचा, म्हणजे मुरुगनच्या वेलाशीच जोडलेला.

तमिळ माणूस जिथे गेला तिथे हे नावही गेले. नाट्टुक्कोट्टै चेट्टियार या सावकारी-व्यापारी समाजाने ब्रह्मदेश, मलाया आणि सिंगापूरमध्ये दंडायुधपाणीची, म्हणजे दंडधारी मुरुगनची, मंदिरे बांधली. सिंगापूरचे मंदिर १८५९ मधले आहे. क्वालालंपूरजवळच्या बातू लेण्यांसमोर २००६ मध्ये उभारलेली मुरुगनची सोनेरी मूर्ती ४२.७ मीटर उंच आहे, आणि तैपूसमच्या उत्सवात तेथे लाखो लोक कावडी घेऊन जातात. श्रीलंकेत जाफन्याचे नल्लूर आणि दक्षिणेकडचे कतरगाम ही त्याची मोठी क्षेत्रे. कतरगामला सिंहली बौद्धही दर्शनाला जातात. मुंबईत चेंबूरच्या छेडानगरमधले मुरुगनचे मंदिर तेथील तमिळ वस्तीचे मोठे श्रद्धास्थान आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्रपट आणि ध्वनिमुद्रिकांनी मुरुगनभक्तीला नवा जोर दिला. ‘कंदन करुणै’ (१९६७) सारखे पौराणिक चित्रपट, टी. एम. सौंदरराजन यांची भक्तिगीते आणि सूलमंगलम भगिनींनी गायलेले ‘कंद षष्ठी कवचम’ घराघरांत ऐकले जाऊ लागले. या नावाच्या व्यक्तींनीही त्याला देशभर ओळख दिली. कोइंबतूरचे अरुणाचलम मुरुगानंदम यांनी स्वस्त सॅनिटरी पॅड बनवणारे यंत्र तयार केले. ‘मादोरुबागन’ ही कादंबरी लिहिणारे पेरुमाळ मुरुगन आजचे आघाडीचे तमिळ लेखक आहेत. पेरुमाळ हे त्यांच्या वडिलांचे नाव आणि विष्णूचेही.

शहरी आई-वडील आता नुसते मुरुगन हे नाव कमी ठेवतात. त्यांना ते आजोबांच्या पिढीचे वाटते. पण त्याऐवजी निवडली जाणारी कार्तिक, कदिर, वेट्रिवेल, कुमरन ही नावेही मुरुगनचीच आहेत. भाषा, भक्ती आणि कुळपरंपरा या तिन्हींचा आधार एकाच वेळी लाभलेली नावे थोडी असतात. मुरुगन हे त्यांतले एक आहे, आणि त्याच्या दीर्घायुष्याचे कारणही हेच.