जठरांतर्दर्शनाचा इतिहास : उपयोग आणि अपाय

जिवंत मनुष्याच्या जठरात डोकावून पाहण्याची खटपट वैद्यकाने दीडशे वर्षांहून अधिक काळ चालविली आहे. तिचा वृत्तान्त बहुधा उपकरणांच्या सुधारणेचा वृत्तान्त म्हणून सांगितला जातो. परंतु रुग्णाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने तो वाचला असता निराळी संगती आढळते. प्रत्येक सुधारणेने जुना धोका कमी केला, तसाच एखादा नवा धोकाही पदरी बांधला. ही संगती थोडक्यात दाखविणे एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

१८६८ साली फ्रायबुर्ग येथे आडोल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका इसमाच्या घशातून धातूची सरळ नळी जठरात उतरविली. नळी उतरली, पण दिव्याचा उजेड इतका अपुरा पडला की धड काही दिसेना. १८८१ साली व्हिएन्नात मिकुलिच यांनी विजेच्या प्रकाशाने ही अडचण बरीचशी दूर केली. नळीचा ताठपणा मात्र राहिला, आणि त्यापायी अन्ननलिका फाटण्याचे भयही राहिले. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळी अशी इजा बहुधा प्राणघातक ठरे.

१९३२ साली रुडोल्फ शिंडलर यांनी गेऑर्ग वोल्फ या कारागिराच्या साहाय्याने, टोकाकडचा भाग वाकू शकेल असा जठरदर्शक तयार केला. शिंडलर यांचे विशेष हे की, अपघातांविषयी इतर वैद्यांकडून माहिती मागवून त्यांनी ती १९४० साली प्रसिद्ध केली. आपल्याच पद्धतीचे अपाय मोजण्याची ही वृत्ती उपकरणाइतकीच मोलाची होय.

पुढील पल्ला काचतंतूंचा. १९५४ साली लंडनमध्ये हॉपकिन्स आणि मूळचे पंजाबचे नरिंदरसिंग कपानी यांनी तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते हे दाखविले. मिशिगन विद्यापीठात कर्टिस यांनी तंतूवर निराळ्या काचेचे वेष्टन चढवून प्रकाशाची गळती थांबविली. आणि १९५७ साली हिर्शोविट्झ यांनी ती लवचिक नळी प्रथम स्वतः गिळून मगच रुग्णावर वापरली.

लवचिक नळीमुळे पाहण्याबरोबर उपचारही शक्य झाले. १९७४ साली जर्मनीत क्लासेन व डेमलिंग आणि जपानात कावाई यांनी पित्तनलिकेचे मुख आतून कापून खडे काढण्याची वाट मोकळी केली. पोट न फाडता खडा निघू लागला, हा लाभ निर्विवाद होता. परंतु या क्रियेनंतर काही रुग्णांना स्वादुपिंडाचा दाह होऊ लागला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत, मुख्यतः अधिक धोका असलेल्या ६०२ रुग्णांपैकी काहींना गुदमार्गे इंडोमेथॅसिन देण्यात आले. त्यांच्यात हा दाह शेकडा ९.२, तर इतरांत शेकडा १६.९ इतका आढळला.

दुसरा अपाय लवचिकतेतूनच उद्भवला. धातूची नळी उकळता येई. ही नाजूक नळी तेवढी उष्णता सोसत नाही, म्हणून ती रसायनांनी निर्जंतुक करावी लागते. पित्तनलिकेसाठी वापरावयाच्या नळीच्या टोकाशी असलेल्या बारीक यंत्ररचनेत जंतू दडून राहतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ साली दिला. त्यानंतर ते टोक सुटे करून बदलता येईल अशा रचना पुढे आल्या.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. एखादी क्रिया सुरक्षित आहे काय, हा प्रश्न ती कशासाठी करावयाची या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. अडकलेला खडा काढावयाचा असता जो धोका पत्करणे रास्त ठरते, तोच धोका नुसत्या निदानासाठी पत्करणे अयोग्य होय. चुंबकीय अनुस्पंदनाने पित्तमार्गाचे चित्र मिळू लागल्यावर केवळ निदानासाठी ही क्रिया करण्याचा प्रघात मागे पडला, तो याच विवेकामुळे.